पाणी आधी कुठल्या शिवाराला?

  हातातलं काम चालू राहू द्या. भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल. पण थोड्या वेळानं वही, पेन आणि वीस चिंचोके लागणार आहेत, तेवढे जवळ ठेवा. चिंचोके नसतील तर हरभऱ्याचे दाणे घ्या.

आजचा विषय असा. गावात पाण्याच्या कामाला पैसे येतात, पण ते कधीच सगळ्या गावाला पुरतील इतके नसतात. जागा चार आणि काम एक, असंच बहुतेक वेळा असतं. वरच्या वाडीला बंधारा हवा असतो, माळावर चर हवे असतात, जुन्या तळ्यातला गाळ काढायचा असतो, आणि ओढ्याकाठचे लोक म्हणतात, आमच्याकडं आणखी एक सिमेंटचा बांध घाला. मग आधी कुणाचं करायचं? हे ठरतं कसं, ते तुम्हाला माहीत आहे. ज्याचा आवाज मोठा, ज्याची तालुक्याला ओळख, ज्याच्या घरी साहेबांचा चहा होतो, त्याच्या शिवाराचं नाव कागदावर वर जातं. बाकीच्यांना सांगतात, "तुमचं पुढच्या वर्षी बघू." ते पुढचं वर्ष दहा-दहा वर्षं येत नाही.

आम्ही गटांच्या समन्वयक म्हणून गावोगावी फिरतो. ओढ्याला बारमाही ओल असलेल्या ठिकाणी ओळीनं तीन बांध आणि अर्ध्या कोसावरच्या वाडीत जानेवारीतच कोरड्या पडलेल्या विहिरी, असं आम्ही पाहिलेलं आहे. त्या बांधांचं काम वाईट नव्हतं. सिमेंट चांगलं, भिंत मजबूत. जागाच चुकीची निवडली होती. म्हणून आज आपण जागा निवडायची रीत शिकणार आहोत.

घाबरू नका, ही रीत तुम्हाला अर्धी येतेच. आपल्या गटाची बैठक आठवा. पेटीत वीस हजार रुपये आहेत आणि कर्जाच्या मागण्या पाच आल्या आहेत. एकीला दवाखान्यासाठी हवेत, एकीला बियाणं घ्यायचं आहे, एकीच्या मुलीची फी भरायची आहे, एकीला शेळी घ्यायची आहे, एकीच्या घरी लग्न आहे. आपण चिठ्ठ्या टाकतो का? नाही. आपण विचारतो, कुणाची नड थांबणारी नाही? कुणाची परतफेड वेळेवर आहे? कुणी अजून एकदाही कर्ज घेतलेलं नाही? किती रकमेत काम भागेल? चार गोष्टी एकत्र तोलतो आणि मग ठरवतो. दवाखाना पहिला, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण दुसरी कोण आणि तिसरी कोण, यावर चर्चा होते आणि ती वहीत लिहिली जाते.

पाण्याचंही तसंच करायचं. ज्या गोष्टी पाहून आपण ठरवतो, त्यांना म्हणायचं निकष. सगळे निकष सारख्या मोलाचे नसतात, म्हणून प्रत्येकाला त्याचं वजन द्यायचं. मग प्रत्येक जागेला प्रत्येक निकषावर गुण द्यायचे, गुणाला वजनानं गुणायचं आणि बेरीज करायची. अनेक निकष लावून प्राधान्य ठरवायची पद्धत म्हणतात ती एवढीच. मोठे अभियंते आणि भूजलाचे तज्ज्ञ हेच करतात. ते उपग्रहाच्या नकाशावर एक थर जमिनीच्या उताराचा ठेवतात, एक मातीचा, एक पावसाचा, एक ओढ्यांचा, एक खडकाचा. प्रत्येक थराला वजन देतात, आणि संगणक बेरीज करून रंगीत नकाशा काढतो. जिथं रंग गडद, तिथं काम आधी.

निकषांना वजन कसं द्यायचं, याची एक प्रसिद्ध रीत अमेरिकेत काम करणारे गणितज्ञ थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात बसवली. त्यांचं म्हणणं असं, की माणसाला पाच गोष्टींची एकदम तुलना जमत नाही, पण दोन गोष्टींची सहज जमते. म्हणून एका वेळी दोनच गोष्टी समोर ठेवायच्या आणि विचारायचं, यातली मोठी कुठली, आणि किती मोठी? त्यासाठी त्यांनी एकपासून नऊपर्यंतचं माप ठेवलं. आपण आज तीच रीत चिंचोक्यांवर सोपी करून घेणार आहोत.

आपल्या राज्यानंही असा हिशोब मांडलेला आहे. १९८३ साली सरकारनं प्राध्यापक वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कुठला जिल्हा रस्त्यात, शाळेत, विजेत, सिंचनात किती मागं आहे, हे तिनं मोजायचं होतं. सिंचनात अडचण आली. एकरभर उसाला लागणारं पाणी वेगळं आणि एकरभर ज्वारीला लागणारं वेगळं, मग दोन्ही एकर सारखे कसे धरायचे? समितीनं रब्बी ज्वारी हे माप धरलं आणि इतर पिकांचं सिंचन ज्वारीच्या हिशोबात आणलं. म्हणजे तुमच्या-आमच्या ताटातली भाकरी अख्ख्या राज्याचं सिंचन मोजायचं माप झाली. पुढं २०११ साली डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती नेमली गेली, तिनं २०१३ साली अहवाल दिला. राज्याला जिल्हे असे तोलता येतात, तर गावाला आपली चार शिवारं तोलता येणार नाहीत का?

आता वही उघडा. एक गाव समजा. त्यात चार जागा. पहिली ओढ्याकाठचं शिवार, तिथं विहिरी भरपूर, कांदा आणि ऊस होतो. दुसरी वरची वाडी, हलकी उताराची जमीन, घरं जास्त, एकट्या बाजरीवर भागतं, विहिरी जानेवारीत तळ दाखवतात. तिसरी जागा माळ, मुरमाड जमीन, शेतकरी थोडे, पण गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर त्याच्या खालच्या अंगाला. चौथी जुन्या तळ्यामागचं शिवार. तळं दुष्काळात खोदलेलं, आता गाळानं भरलेलं, आणि मागं लहान लहान तुकड्यांचे पुष्कळ शेतकरी.

गुण द्यायच्या आधी चाळणी लावा. काही गोष्टींत तडजोड नसते, त्यांना गुण देत बसायचं नाही. जमीनमालकाची लेखी संमती नाही, तर ती जागा बाजूला. जमीन वनखात्याची आणि परवानगी नाही, तर ती बाजूला. त्या कामानं खालच्या वस्तीची पिण्याची विहीर आटणार असेल, तर तीही बाजूला. या चाळणीतून खाली उतरतील, तेवढ्याच जागांचा हिशोब. आपल्या चारही जागा उतरल्या, असं धरू.

आता निकष. फार नकोत, पाच पुरे. पहिला गरज, म्हणजे वर्षातले किती महिने शेताला पाणी नसतं. दुसरा लोक, किती घरांना फायदा होईल, त्यांत लहान शेतकरी आणि एकट्या बाया किती. तिसरा जागेचा गुण, म्हणजे उतार, माती, खडक पाहता तिथं पाणी थांबेल का, मुरेल का. चौथा पिण्याच्या पाण्याला मदत. पाचवा खर्च, त्यात पुढची देखभालही आली. एक सांभाळा, एकच गोष्ट दोन नावांनी घेऊ नका. "विहिरी कमी" आणि "विहिरी लवकर आटतात" असे दोन निकष घेतले, तर गरजच दोनदा मोजली जाते.

आता चिंचोके. पाच निकषांच्या पाच चिठ्ठ्या जमिनीवर मांडा. वाचता न येणाऱ्या मावशींसाठी चित्रं काढा, सुकलेलं रोप, बाईमाणूस, दगड, घागर, रुपया. पाचांच्या जोड्या होतात दहा. प्रत्येक जोडीला दोन चिंचोके. गरज मोठी की खर्च? सगळ्या म्हणाल्या गरज, तर दोन्ही चिंचोके गरजेच्या चिठ्ठीवर. दोन्ही सारख्या वाटल्या, तर एकेक. अशा दहा जोड्या झाल्या की वीस चिंचोके संपले. ज्या चिठ्ठीवर जितके चिंचोके, तितकं त्या निकषाचं वजन.

यात एक तपासणी असते. गरज लोकांपेक्षा मोठी म्हणालात आणि लोक खर्चापेक्षा मोठे म्हणालात, तर गरज खर्चापेक्षा मोठी असायलाच हवी. तिथं उलटं उत्तर आलं, तर कुणीतरी घाईत हात वर केला किंवा कुणाचं तरी मन बघून हात वर केला. साटींच्या रीतीतही ही विसंगती मोजायचं गणित आहे. ती हद्दीबाहेर गेली की पुन्हा विचारा, असं ते गणित सांगतं. आपण फक्त थांबायचं आणि ती जोडी पुन्हा बोलायची.

आपल्या गावात चिंचोके असे पडले असं समजू. गरजेला सहा, लोकांना पाच, जागेच्या गुणाला चार, पिण्याच्या पाण्याला तीन, खर्चाला दोन. एकूण वीस.

आता गुण, एक ते पाच. ज्या जागेचं काम आधी व्हावं असं तो निकष सांगतो, तिला जास्त. खर्चात उलटं आहे, हे लक्षात ठेवा. जिथं खर्च कमी, तिथं गुण जास्त. मी म्हणते म्हणून गुण द्यायचे नाहीत, प्रत्येक गुणामागं पुरावा हवा. तो कसा गोळा करायचा, ते पुढं सांगतो. आधी हिशोब पाहू.

तळ्यामागच्या शिवाराला गरजेत चार गुण, गुणिले सहा, चोवीस. लोकांत चार, गुणिले पाच, वीस. जागेत चार, गुणिले चार, सोळा. पिण्याच्या पाण्यात दोन, गुणिले तीन, सहा. खर्चात पाच, कारण गाळ काढणं नवं तळं खोदण्यापेक्षा स्वस्त, पाच गुणिले दोन, दहा. बेरीज छप्पन्नही नाही, सत्तरही नाही, ७६. शंभरापैकी.

बाकीच्या जागांचे गुण सांगतो, हिशोब तुम्ही करून पाहा. निकषांचा क्रम तोच. ओढ्याकाठ एक, दोन, चार, दोन, तीन. वरची वाडी पाच, चार, दोन, तीन, दोन. माळ तीन, दोन, पाच, पाच, तीन. उत्तर येईल ओढ्याकाठ ४४, वाडी ७१, माळ ६९. म्हणजे तळं पहिलं, वाडी दुसरी, माळ तिसरा, आणि ओढ्याकाठ शेवटी.

आता खरी गोष्ट ऐका. हेच गुण ठेवा, फक्त चिंचोके दुसऱ्या माणसांच्या हाती द्या. समजा खोलीत फक्त बांधकाम जाणणारे लोक बसले. ते म्हणाले, जागा चांगली हवी आणि खर्च कमी हवा. जागेला आठ, खर्चाला पाच, गरजेला तीन, लोकांना दोन, पिण्याच्या पाण्याला दोन. बेरीज करा. तळं ८१, माळ ७८, ओढ्याकाठ ५८ आणि वरची वाडी ५५. वाडी दुसऱ्या नंबरावरून थेट शेवटच्या नंबरावर गेली. वाडीची जमीन बदलली नाही, तिथली माणसं बदलली नाहीत, एकही गुण बदलला नाही. फक्त वजन बदललं. आणि कुणी खोटंही बोललं नाही.

आता समजा उन्हाळ्यात टँकरमागं घागरी घेऊन पळणाऱ्या बायांनी चिंचोके टाकले. पिण्याच्या पाण्याला आठ, गरजेला चार, लोकांना तीन, जागेला तीन, खर्चाला दोन. आता माळ पहिला, ७९. वाडी आणि तळं दोघांना ६६. ओढ्याकाठ पुन्हा ४४.

म्हणून आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो, गुणांवर भांडण कमी करा, चिंचोके टाकताना मात्र हजर राहा. गुण मोजून देता येतात, तिथं फार तर एका गुणाचा फरक पडतो. वजन कुणी द्यायचं हा माणसांचा प्रश्न आहे, आणि निकाल तिथंच ठरतो. तक्ता तयार झाल्यावर बोलावलं आणि सह्या घेतल्या, तर आपण फक्त बेरजेच्या साक्षीदार झालो.

आणखी एक उपयोग बघा. ओढ्याकाठचं शिवार कुठल्याच हिशोबात वरच्या दोनांत आलं नाही. म्हणजे या वर्षी तिथं काम नको, हे कुणीही चिंचोके टाकले तरी खरं. तळं दोनदा पहिलं आलं आणि एकदा बरोबरीनं दुसरं. त्याचा दावा भक्कम आहे. राहिला प्रश्न माळ आणि वाडीचा. तिथं गावानं बसून बोलायला हवं, कारण तिथं नुसता आकडा पुरत नाही. वजन बदलून दोन-तीनदा बेरीज केली, की कशावर एकमत आहे आणि कशावर बोलायचं बाकी आहे, ते वेगळं होतं. सगळ्या गावाचं भांडण एका प्रश्नावर येतं.

आता पुराव्याकडं येऊ. "मार्क द्यायचे म्हंजी मास्तरीण व्हायचं का आम्ही?" असं एका मावशीनं बैठकीत विचारलं होतं. आम्ही म्हणालो, मास्तरीण कशाला, तुम्हाला उत्तरं आधीच माहीत आहेत, फक्त लिहून ठेवायची आहेत.

विहिरीचं पाणी किती खोल गेलं, हे दोरानं मोजता येतं. पोहऱ्याच्या दोराला हातभर अंतरानं गाठी मारा. दर महिन्याच्या एकाच तारखेला, सकाळी पाणी उपसायच्या आधी, किती गाठी खाली गेल्या ते लिहा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात. तुम्ही बारा वेळा मोजाल. चार शिवारांतल्या चार विहिरी मोजल्यात, तर गरजेचा गुण कुणाला वादात पाडता येणार नाही.

तळ्यातला गाळ किती, तेही मोजता येतं. लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये घ्या आणि गुणाकार करा. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. पन्नास मीटर लांब, चाळीस मीटर रुंद आणि एक मीटर जाड गाळ काढला, तर दोन हजार घनमीटर जागा मोकळी झाली. म्हणजे एका भरण्याला वीस लाख लिटर पाणी जास्त. आता एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर जमिनीवर एक सेंटिमीटर पाणी द्यायला एक लाख लिटर लागतात. पाच सेंटिमीटरचं एक पाणी दिलं तर पाच लाख. वीस लाखांत चार हेक्टरांना, म्हणजे दहा एकरांना एक पाणी. काही पाणी उन्हानं उडेल, काही खोल मुरेल, म्हणून दहाचे सहा-सात एकर धरा. ज्वारी कणसात येताना मिळालेलं ते एक पाणी काय करतं, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

जागेच्या गुणाबद्दल मात्र तज्ज्ञाला विचारायलाच हवं. आपल्या भागात काळा कातळ आहे. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, खाली घट्ट खडक. मुरमात पाणी मुरतं, घट्ट कातळावर थांबतं पण खाली जात नाही, आणि जाड काळ्या मातीतून फार हळू जातं. पाझर तलाव कुठं आणि साठवण बंधारा कुठं, हे यावरून ठरतं. कृषी सहायकांना, जलसंधारणाच्या अभियंत्यांना शिवारात बोलवा आणि सोबत फिरा. माथा ते पायथा हा नियमही ते सांगतील, म्हणजे आधी वरचं पाणी अडवायचं आणि मग खालचं. वरून माती वाहत राहिली, तर खालचा बंधारा दोन-चार पावसाळ्यांत गाळानं भरतो. तळ्याचा गाळ काढताना त्याच्या वरच्या अंगाचं चरांचं काम नसेल, तर तोच गाळ पुन्हा येईल, हेही त्याच वेळी विचारा.

पण नकाशात न दिसणाऱ्या गोष्टी तुम्हीच सांगायच्या. कुठला झरा होळीपर्यंत टिकतो, कुठल्या विहिरीवर कुणाला चढू देत नाहीत, बंधाऱ्याचं पाणी प्रत्यक्षात कुणाच्या मोटारीत जातं, कुठल्या वस्तीतली पोरगी पाण्यापायी शाळा बुडवते. उपग्रहाला हे दिसत नाही. लोक या निकषाचे गुण देताना सात-बाऱ्यावरच्या नावांवर थांबू नका. सात-बारा नवऱ्याच्या नावावर, तो मुंबईला किंवा ऊसतोडीला, आणि शेत कसते बाई. विधवा सून वाट्याला आलेली जमीन कसते, पण कागदावर दिराचं नाव आहे. नुसते खातेदार मोजले, तर या बाया हिशोबातून गळतात. घरं मोजा, चुली मोजा, कसणारे हात मोजा. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी नवऱ्यासोबत आपलं नाव सात-बाऱ्यावर लावून घ्या. लक्ष्मी मुक्ती योजनेची चौकशी तलाठ्याकडं करा.

निकष बदलला की पाणी कुठं जातं, याचं जिवंत उदाहरण पुरंदर तालुक्यात आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नायगावला आले. पेशानं अभियंते. त्यांनी देवस्थानची माळरानाची जमीन भाडेपट्ट्यानं घेऊन पाणी अडवून दाखवलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम असा, की पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणसांच्या मापानं. माणशी अर्धा एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क. उसाला पाणी नाही. ज्याची जमीन वीस एकर त्याला आणि ज्याची दोन एकर त्यालाही, घरात माणसं पाच तर अडीच एकराचंच पाणी. पाऊस तोच, डोंगर तोच. त्यांनी विचारायचा प्रश्न बदलला.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं लिहून नेलं, तर पुढारी ऐकतील का? खरं सांगतो, नेहमीच ऐकतील असं नाही. चिंचोके म्हणजे कायदा नव्हे. पण नुसतं "आमच्याकडं पाणी नाही" म्हणणं आणि बारा महिन्यांच्या विहिरीच्या नोंदी, घरांची मोजणी आणि तीन प्रकारे केलेली बेरीज टेबलावर ठेवणं, यात फरक आहे. आपलं म्हणणं खोडायचं असेल, तर समोरच्यालाही आकडा आणावा लागतो. निदान त्याला कुठला निकष मोठा वाटतो, हे चारचौघांत बोलावं लागतं. "मला ओढ्याकाठच हवं" असं सगळ्यांसमोर म्हणणं सोपं नसतं.

आणि जागा आपल्याला कायद्यानं आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. पण बऱ्याच गावांत महिलांची सभा रजिस्टरात होते आणि सह्या घरोघरी फिरून घेतात. या वेळी तसं होऊ देऊ नका. ती सभा खरी भरवा. चिंचोके तिथंच टाका. आधी बायांचा वेगळा गोल करा, कारण सासऱ्यांसमोर सून हात वर करत नाही. वेगवेगळ्या वस्त्यांच्या बाया त्यात हव्यात. एकाच आळीच्या बसल्या, तर आपणही तेच केलं जे पुढारी करतात. मग आलेली वजनं आणि क्रम ठरावात लिहून घ्या, आणि तो ठराव ग्रामसभेत वाचायला लावा. इतिवृत्ताची प्रत मागा.

काम मिळालं म्हणजे संपलं, असंही नाही. तळं भरलं आणि लगेच काठावर पाच नव्या बोअर पडल्या, तर मागच्या शिवाराला पुन्हा कोरडंच. हिवरे बाजारनं हे ओळखलं. तिथं पाणी अडवलं, सोबत शेतीसाठी बोअर घेण्यावर बंधन घातलं, आणि दरवर्षी पावसाचा ताळेबंद मांडून गाव ठरवतं, यंदा कुठली पिकं घ्यायची. म्हणून ठरावात दोन ओळी आणखी घाला. या पाण्यावर कुठली पिकं चालणार नाहीत, आणि पाणी आधी कुणाच्या पाळीला.

दुष्काळाच्या कामावर गेलेल्या आज्या आज ऐकत असतील. बाहत्तरच्या दुष्काळात या राज्यातले किती तरी पाझर तलाव बायांनी डोक्यावर माती वाहून उभे केले. भरावावर टोपली टाकायला बाई होती. तलाव कुठं हवा, हे तिला विचारायला कुणी आलं नसेल. त्या आज्यांच्या नाती आता सरपंच आहेत, गटाच्या अध्यक्ष आहेत, बँकेत सही करतात.

तर पुढच्या महिन्याचं काम सांगतो. एक, गटाच्या बैठकीत गावातल्या जागांची यादी करा आणि चाळणी लावा. दोन, चार शिवारांतल्या चार विहिरी ठरवा, दोराला गाठी मारा आणि पहिली नोंद करा. तीन, वीस चिंचोके टाका आणि कुणाचं वजन किती आलं, ते तारखेसह वहीत लिहा. दोन गटांची वजनं वेगळी आली तर ती खोडू नका, दोन्ही ठेवा आणि का वेगळी आली त्यावर बोला. चार, महिला सभेची तारीख ग्रामसेवकांना लेखी विचारा. बेरजेत अडलात, तर वही घेऊन प्रभाग संघाच्या बैठकीला या, आम्ही सोबत बसून करू.

चला, चुलीवरचं बघा. नमस्कार.